हे चित्र तुम्ही कुठून आणलंत?

(उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



तुमच्या सरांनी मला बोलावलं तेव्हा विषय दिला, 'प्रभाव आणि प्रेरणा'. शेवटच्या वर्षाच्या फायलीत म्हणे तुम्हां सगळ्यांना याच नावाची दोन पानं जोडावी लागतात. आज मी जरा लवकर आले, म्हणून मागच्या वर्षीच्या चार-पाच फायली चाळल्या. देखण्या आहेत. प्रत्येकीत पोलंडची पोस्टर्स आहेत, जपानची आहेत, रशियन क्रांतीनंतरची फोटो जोडून केलेली आहेत. माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही, मीही त्यांच्यावरच वाढले. पण त्या मुलामुलींनी आयुष्याची पहिली पंधरा वर्षं जी चित्रं रोज पाहिली असतील, ती एकाही फायलीत नव्हती. आणि 'या चित्रानं माझं नुकसान केलं' असंही कुणी लिहिलं नव्हतं. प्रभाव काय फक्त चांगलाच असतो?

माझ्या हातून एक वाईट पोस्टर झालंय. ते कसं झालं ते सांगायलाच मी आलेय. पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या स्वयंपाकघरात वाण्याकडून आलेलं कॅलेंडर असायचं. वर्ष संपलं की आई तारखांचा भाग फाडायची आणि वरचं चित्र ठेवायची, त्यामुळे एकाच भिंतीवर तीन लक्ष्म्या होत्या. त्या कुठून आल्या हे मला कमर्शियल आर्टच्या वर्गात बसल्यावर कळलं. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, आणि तिथून शिळाछापाच्या रंगीत चित्रांतून देव-देवी घरोघरी गेले. त्याआधी देवाची मूर्ती पाहायची तर देवळात जावं लागे, आणि देवळात कुणाला शिरू देत आणि कुणाला नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. छापील चित्राला तसा दरवाजा नव्हता. ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्या देवीबरोबर एक बाईही घरोघरी गेली. गोरी, भरल्या अंगाची, दागिन्यांनी मढलेली. आमच्या घरात आई सावळी, आत्या काळी, मी आईवर गेलेली. पण मी चित्रात बाई काढली की ती गोरीच. रंगाच्या डबीत 'त्वचेचा' म्हणून जो रंग मिळायचा, तो आमच्या घरात कुणाचाच नव्हता. हे मला खटकायला वीस वर्षं लागली.

दिवाळी अंकांचं असंच. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. त्याची मुखपृष्ठं आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं समोर ठेवून मी हाताची बोटं काढायला शिकले. आज माझ्या पोस्टरमधल्या बाईच्या हातात झाडू असो की माइक, बोटांचं वळण मुळगावकरांचं असतं. हा प्रभाव मी मान्य करते आणि त्याबद्दल कृतज्ञही आहे. पण त्या चित्रांतली बाई कुठे बघते ते पाहा कधी. ती फुलाकडे बघते, आरशाकडे, पाण्याकडे, जमिनीकडे. आपल्याकडे बघितलंच तर आपण तिच्याकडे बघतोय हे माहीत असल्यासारखी बघते. आणि आताच्या काळाबद्दल म्हणाल, तर परवा माझ्या भाच्यानं फोनवर ते चित्र करून देणारं यंत्र दाखवलं. मी म्हटलं, 'खेड्यातली मराठी बाई' असं लिही. आली की पुन्हा तीच! डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नजर खाली. असो.

मी स्त्रियांच्या चळवळीत आले ती १९८० साली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, मला ब्रश धरता येतो एवढ्या भांडवलावर मला गटात घेतलं गेलं. कार्डशीट, लाल-काळा पोस्टर कलर आणि गव्हाच्या पिठाची खळ. रात्री भिंतीवर चिकटवायचं, सकाळी कुणीतरी फाडलेलं असायचं. आम्ही काय काढायचो? वळलेली मूठ, तुटलेली साखळी, आणि दहा हातांची देवी: एका हातात लाटणं, एकात मूल, एकात फाईल. मूठ आली होती परदेशातल्या पत्रकांवरून, देवी आली होती आमच्या स्वयंपाकघरातून. दोन्ही मी ट्रेस केल्या होत्या. आमच्या गटातली एक मुसलमान मैत्रीण ती देवीची पोस्टर्स आमच्याबरोबर चिकटवायची आणि काही बोलायची नाही. ती बोलली १९९२-९३ च्या दंगलीनंतर. पुढे फ्लेविया ॲग्नेस यांनी १९९४ साली लिहिलं की सगळ्या स्त्रियांची म्हणवणाऱ्या चळवळीनं प्रतीकं मात्र हिंदू उचलली. वाचून आम्हाला राग आला आणि मग लाजही वाटली. मुद्दाम कुणाला वगळायचं आमच्या मनात नव्हतं. जे चित्र हाताशी होतं ते घेतलं, इतकंच झालं होतं.

आता त्या पोस्टरबद्दल.

२००१ च्या जनगणनेचे आकडे आले तेव्हा सगळेच हादरले होते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या ९१३ वर आल्या. खरं म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतल्या स्त्रिया ऐंशीच्या दशकापासून लढत होत्या. त्यांच्या दबावामुळे महाराष्ट्रात १९८८ साली, देशात इतर कुठेही नव्हता तेव्हा, कायदा झाला. देशाचा कायदा १९९४ चा. अंमलबजावणी मात्र होत नव्हती, म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. मग सरकारी यंत्रणा हलली आणि पोस्टर्सची मागणी सुरू झाली.

२००४ साली एका कार्यालयाकडून मला काम मिळालं. वाक्य त्यांनीच दिलं होतं, पोटातली मुलगी आईला विनवते आहे अशा अर्थाचं. चित्र माझं. एका रात्रीत केलं. गडद लाल पार्श्वभूमी, मधोमध अंगाची जुडी करून झोपलेला गर्भ, अंगठा तोंडात, आणि वरून खाली येणारी सुरी. गर्भाचा आकार मी एका परदेशी पुस्तकातल्या फोटोवरून उचलला होता. मुलगी आहे हे कळावं म्हणून मी त्याच्या कपाळावर टिकली लावली. हसू नका, किंवा हसा. तेव्हा कुणीच हसलं नाही. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

तीन वर्षांनी एका मैत्रिणीबरोबर मी एका ग्रामीण रुग्णालयात गेले होते. ती आरोग्याचं काम करते. बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, बरोबर तिची तीन मुलं. दोन महिन्यांची गरोदर होती आणि चौथं नको होतं. मुलगा-मुलगीचा प्रश्नच नव्हता, इतक्या लवकर ते कळतही नाही. नवऱ्याच्या हाताला काम नव्हतं आणि ही ऊसतोडीला जाणार होती. गर्भपात आपल्या देशात १९७१ च्या कायद्यानं मान्य केलेला आहे. ती जे मागायला आली होती ते तिला मिळायला हवं होतं. आत गेली. तिथल्या बाईंनी तिचं म्हणणं ऐकलं आणि काही न बोलता हातातल्या पेनानं मागच्या भिंतीकडे दाखवलं. भिंतीवर माझं पोस्टर.

त्या बाईला वाचता येत नव्हतं. वाचायची गरजच पडली नाही. ती उठली, मुलं घेतली आणि गेली. पुढचं मला मैत्रिणीकडून कळलं. तालुक्याच्या गावी कुणा माणसाकडून तिनं कसलं तरी औषध घेतलं, रक्त थांबेना, जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला दहा दिवस ठेवलं. वाचली. ऊसतोडीचा हंगाम गेला आणि मुकादमाची उचल अंगावर राहिली.

तुम्ही चित्रप्रधान काम शिकताय. अक्षर कमी, चित्र जास्त. वाचता न येणाऱ्यापर्यंतही पोचतं, असं आपण अभिमानानं म्हणतो. ते खरंच आहे. माझं पोस्टर अगदी बरोबर पोचलं. लिंगनिवड करू नका हे सांगायला मी बसले होते. पण चित्रात लिंगनिवड कुठे होती? सोनोग्राफीचं यंत्र नव्हतं, डॉक्टर नव्हता, हुंडा नव्हता, सासर नव्हतं. होती एक सुरी आणि एक बाळ. मग खुनी कोण? चित्रात नसलेली तिसरी व्यक्ती, म्हणजे आई. 'हत्या' हा शब्द त्यांनी दिला होता, पण सुरी मी काढली होती. गर्भ कुणाच्या पोटात होता? कुणाच्याच नाही. तो लाल रंगात तरंगत होता. बाई मीच पुसून टाकली होती.

घरी आल्यावर मी ते परदेशी पुस्तक शोधून काढलं आणि त्या फोटोचं मूळ धुंडाळत गेले. हे काम मी २००४ सालीच करायला हवं होतं. या प्रकारच्या चित्रांचं मूळ आहे लेनार्ट निल्सन या स्वीडिश छायाचित्रकाराकडे. त्याची गर्भाची छायाचित्रं 'लाइफ' साप्ताहिकाच्या ३० एप्रिल १९६५ च्या अंकात आली आणि जगभर गाजली. काळोखात, अवकाशात तरंगावं तसे गर्भ. जिवंत पोटातलं दृश्य आहे असं वाटतं, पण त्यातले बहुतेक गर्भ शरीराबाहेर काढलेले होते. मग प्रकाशयोजना, पार्श्वभूमी, सगळं रचून ते टिपले होते. पुढे गर्भपाताच्या विरोधकांनी अमेरिकेत हीच चित्रं फलकांवर नेली. रोझलिंड पेचेस्की या अभ्यासक बाईंनी १९८७ साली त्यावर एक लेख लिहिला: गर्भ असा सुटा, स्वतंत्र, एखाद्या अंतराळवीरासारखा दाखवला की त्याच्याभोवतीची बाई नाहीशी होते, ती निव्वळ रिकामी जागा उरते. म्हणजे ज्या चित्राचा उपयोग बाईचा हक्क काढून घेण्यासाठी झाला, तेच चित्र मी स्त्रियांच्या बाजूनं म्हणून ट्रेस केलं, आणि वर टिकली लावली! मला ते कुठून आलं माहीत नव्हतं, पण चित्राला त्याचं काम माहीत होतं. त्यानं इथेही तेच केलं.

मग मी काय केलं, तर काही महिने काहीच केलं नाही. कामं घेतली ती लग्नपत्रिकांची.

पुन्हा बसले ती केथे कोलविट्झमुळे. ही जर्मन चित्रकार, जन्म १८६७ चा. विद्यार्थिदशेत मी तिची शिळाछापं पाहिली होती आणि 'काळ्या रंगाचा वापर' म्हणून वहीत नोंदही केली होती. परीक्षेपुरती. आता पुन्हा उघडली तर १९२३ चं एक पोस्टर समोर आलं, जे मी पूर्वीही पाहिलं असणार. जर्मनीत कलम २१८ नं गर्भपात हा गुन्हा होता. त्या कलमाविरुद्धचं पोस्टर. तिच्यापुढेही माझ्यासारखाच प्रश्न होता, गर्भपाताबद्दल चित्र काढायचं म्हणजे काढायचं काय? तिनं एक गरोदर बाई काढली. थकलेली, उभी. एक मूल अंगाशी, एक बाजूला. बस्स. सुरी नाही, रक्त नाही, गर्भ नाही. कोलविट्झचा नवरा बर्लिनच्या गरीब वस्तीत डॉक्टर होता आणि त्याच्याकडे येणाऱ्या बायका ही रोज बघत होती, त्यांच्याशी बोलत होती. त्या चित्रातली बाई कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. मला ती बघताना तो रुग्णालयातला बाक आठवला. पंचवीस वर्षं ते पोस्टर माझ्या 'प्रेरणां'च्या यादीत होतं, आणि त्याचा माझ्यावर काडीचाही प्रभाव पडलेला नव्हता.

दुसरी शेबा छाछी. ऐंशीच्या दशकात दिल्लीत हुंडाबळीविरुद्ध मोर्चे निघाले त्यांची छायाचित्रं हिनं काढली. हात उंचावलेल्या, घोषणा देणाऱ्या स्त्रियांचे फोटो गाजलेही. पण आपण बायकांचं एकच ठोकळेबाज रूप दाखवतोय का, अशी तिची अस्वस्थता होती. तेव्हा तिनं त्याच चळवळीतल्या सात जणींना विचारलं, तुम्हाला स्वतःला कसं दिसायचंय? जागा त्यांनी निवडायची, जवळच्या वस्तू त्यांनी आणायच्या. त्यांत सत्यराणी चढ्ढा होत्या, ज्यांच्या मुलीचा १९७९ साली हुंड्यापायी बळी गेला. ही सगळी मालिका 'सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम' या नावानं ओळखली जाते. 'तुम्हाला कसं दिसायचंय' हा प्रश्न मी तोवर एकाही बाईला विचारलेला नव्हता. कधी सुचलाच नाही.

म्हणून आम्ही एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर दोन दिवस बसलो. मी चित्र काढणार नाही, असं आधीच ठरवलं होतं. जुनी मासिकं, रविवारच्या पुरवण्या, साड्यांच्या दुकानांची पत्रकं, कात्र्या आणि डिंक. ही कल्पना हाना होखची. तीही जर्मन, बर्लिनच्या एका मोठ्या प्रकाशनगृहात १९१६ ते १९२६ ती नोकरी करत होती, बायकांच्या मासिकांसाठी भरतकाम आणि लेस यांचे नमुने तयार करायची. दिवसा जे छापून यायचं, तेच ती घरी कापायची. १९१९-२० मध्ये तिनं केलेल्या प्रसिद्ध कोलाजच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातल्या सुरीचा उल्लेख आहे. त्यात राजकारणी, सेनापती, यंत्रं, नर्तकी, सगळ्यांची खिचडी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात युरोपचा लहानसा नकाशा, बायकांना मताचा अधिकार मिळालेले देश दाखवणारा. तिथेच तिनं स्वतःचा बारका फोटो चिकटवलाय. सही म्हणा हवं तर. पुन्हा कधी बघाल तेव्हा तो कोपरा बघा.

पहिल्या दिवशी बायकांनी गणपती कापले, बाळं कापली, फुलं कापली. मला वाटलं, फसलं. दुसऱ्या दिवशी एका मावशींनी सोनोग्राफीचा पडदा चिकटवला, कुठल्याशा आरोग्य पुरवणीतला. आत काळं-पांढरं जे दिसतं तेवढंच त्यांनी कात्रीनं गोल कापून काढलं आणि त्या भोकामागून मोटरसायकलची जाहिरात चिकटवली. मी विचारलं, मावशी, हे काय? त्या म्हणाल्या, "अगं, पोरगी दिसली की त्यांना हेच दिसतंय." मग बाकीच्या सुटल्या. फ्रीज, सोन्याचा हार, मंगल कार्यालय, पाच तोळे, दहा तोळे. पडद्याभोवती डोकी जमवली: नवरा, सासू, पांढऱ्या कोटातला एक. बाई कुठे ठेवायची यावर तासभर भांडण झालं. टेबलावर आडवी ठेवली तर ती मेल्यासारखी दिसते असं एकीचं म्हणणं. शेवटी त्यांनी तिला बसवली, आणि ती पडद्याकडे न बघता आपल्याकडे बघते आहे.

मी फक्त कडा सरळ केल्या आणि तीन रंगांत बसवलं. ज्या कार्यालयानं पहिलं पोस्टर घेतलं होतं तिथे नेलं. यात भावना नाही म्हणाले, आणि डॉक्टर कशाला दाखवलाय? मग आम्हीच आमच्या अंगणात स्क्रीन लावून तीनशे प्रती छापल्या. दोरीवर वाळत घातल्या तेव्हा शेजारणी विचारायला आल्या, आणि अंगणातच चर्चा झाली. मावशींना विचारलं, खाली नाव घालू का? नको म्हणाल्या, पोरीचं सासर गावातच आहे. लंडनला १९७४ साली 'सी रेड' नावाचा स्त्रियांचा एक छापगट सुरू झाला होता, त्याही बायका पोस्टरवर सही करत नसत. काम सगळ्यांचं म्हणून. आमच्या मावशींचं कारण निराळं. त्यामुळे तुमच्या फायलीत हे पोस्टर घातलंत तर खाली काय लिहायचं ते मला ठाऊक नाही. माझं नाव लिहू नका.

दिल्लीच्या 'झुबान' प्रकाशनानं २००६ साली 'पोस्टर विमेन' म्हणून देशभरातल्या स्त्री-चळवळीची पोस्टर्स गोळा केली, ती जरूर मिळवून बघा. त्यांतल्या किती हातांनी कुणाकडून काय उचललं होतं, ते आता सांगायलाही माणसं राहिली नाहीत.

सरांनी मगाशी विचारलं, चांगली पोस्टर्स आणलीत ना दाखवायला? मी दोन्ही आणलीत, नळकांड्यात एकात एक गुंडाळून. कुणीतरी ते टेबल जरा ओढा, आणि चार टाचण्या द्या. आधी टिकलीवालं लावू. मग मला सांगा त्यात काय दिसतं. मी मध्ये बोलणार नाही.